अंजनाची पानं

आमच्या संशोधन केंद्रातल्या चंपा गाईच्या कुशीत मुद्दाम पाडलेल्या छिद्राला रबरी झाकण आहे. ते काढून, आत हात घालून पोटातला चारा तपासतात.

मी निवृत्त, तरी डॉ. तेजसने बोलावलं. "मॅडम, हिला अंजनाचा पाला कोण चारतंय?"

"मी ऐन तरुणपणी लावलेला अंजन पार्किंगसाठी तुम्हीच पाडलात ना? मग विचारा तुमच्या मोटारींना!"

"अहो, पण रोज ताजी पानं निघताहेत."

"सरका!" संतापाने मी हातमोजा न घालताच कोपरापर्यंत हात आत घातला. बोटांना ती ओळखीची जोडपानं लागली. ओढली, तर निघेनात. ती फांदीलाच होती.

आणि फांदी वाऱ्याने हलत होती.