देवघरातलं निशाण

बायकोच्या देवघरातल्या हिरव्या रेशमी वस्त्राला नेदरलँड्समधल्या आल्मेरेतही रोज हळदकुंकू मिळायचं. तिच्या पणजोबांनी ते पहिल्या महायुद्धातून आणलेलं. कुठल्या देवाचं, हे विचारायची माहेरी पद्धत नव्हती. शेजारच्या तुर्की एमिनेआजी बकलावा द्यायला आल्या आणि वस्त्रासमोर थबकल्या. “हे आमच्या फौजेचं निशाण,” त्या डचमध्ये म्हणाल्या. “यावर कुराणाचं वचन आहे: विजय जवळ आलाय. माझे आजोबा अशाच निशाणामागून गेले, परतलेच नाहीत.” “पूज आणखी शत्रूचा झेंडा,” मी मराठीत पुटपुटलो. बायकोने वस्त्राची घडी आजींपुढे धरली. “तुमचंच आहे. कुंकू लागलंय, माफ करा.” आजींनी ती ओठांना, कपाळाला लावून परत दिली. “शंभर वर्षं जपलंत; फक्त उंच ठेवा. कुणी आणलं हे?” “पणजोबांनी, राणोजींनी.” “माझे आजोबा यूसुफ.” त्यांनी तळवे उघडले. अरबी प्रार्थनेतली मला दोनच नावं कळली.