गाळलेली मगर

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मगरीशी केलेल्या झुंजीची माझी गोष्ट कॉम्प्युटरनं गिळली. तासभर घसा कोरडा करून रेकॉर्ड केली होती आणि आजच स्पर्धेला पाठवायची होती. सूनबाई बजावत होती, "बाबा, सेव्ह करताना वेव्ह फाइलच निवडा, त्यात सगळं जसंच्या तसं राहतं. एमपीथ्री फाइल लहान करतं, पण त्याला नको वाटेल ते गाळून टाकतं." घाईत मी कुठला ऐकतोय! एमपीथ्री निवडलं, वर मूळ फाइलही पुसून बसलो. आता लावून बघतो तर मगर गेली, झुंज गेली, उरलं एकच वाक्य: "मी नदीवर गेलो आणि घरी आलो."

कपाळाला हात लावून हे बायकोला सांगितलं, तर म्हणते कशी,

"अहो, मग आणखी एकदा गाळा. नदीवर तरी कुठं गेला होतात?"