पंच्याऐंशीवा टोल

बाराला दोन मिनिटं कमी असताना ग्रामकचेरीतला फोन वाजला आणि ट्रुडी क्रोगर एका दमात बोलली, "वर्नाकाकू, डेल्मर धान्याच्या कोठीत रुतलाय! मक्यात. छातीपर्यंत गेलाय, हलला की आणखी खाली जातोय. माणसं पाठवा हो, लवकर पाठवा!" रिसीव्हर टेबलावर आपटला. ती तशीच कोठीकडे पळाली असणार. मागे स्वयंपाकघरात तिचं तान्हं रडत होतं.

वर्नाने भिंतीवरचं भोंग्याचं बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. न्यू हॉल्टनमध्ये एक भोंगा म्हणजे दुपारचे बारा, जेवायला बसा. तीन म्हणजे असाल तसे धावत या. बंबाची गाडी शेजारच्या शेडमध्ये दोर, फावडी, फळ्या भरून उभी होती. तिने शेडचं दार सताड उघडलं आणि रस्त्याकडे बघत राहिली.

कोणी आलं नाही.

गेल्याच गुरुवारी बटण अडकलं होतं आणि बाराच्या एका भोंग्याऐवजी तीन गेले होते. अठरा माणसं तोंडात घास घेऊन धावत आली होती. "काकू, भूक तुम्हाला लागली तर आम्हाला कशाला पळवता?" बंबवाल्यांचा म्होरक्या हार्लन म्हणाला होता. आणि गावातला सगळ्यात म्हातारा गस टीमन काठी आपटत म्हणाला होता, "चर्चच्या घंटेची दोरी तेवढी हिच्या हातात देऊ नका रे. मी मेलो की वर्षाला एक अशा चौऱ्याऐंशीच्या जागी शंभर टोल देईल, आणि वर देव मला विचारेल, बाकीची सोळा वर्षं कुठे उधळलीस?" सगळे पोट धरून हसले होते. वर्नाही हसली होती.

आता तिला ते हसू आठवलं. गावातली घड्याळं तिच्याच भोंग्यावर लावलेली. भोंगा झाला म्हणजे बारा झाले. तीनदा झाला म्हणजे वर्नाकाकूचं बटण पुन्हा अडकलं.

तिने परत तीनदा दाबलं. रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला आयडाच्या खानावळीचं दार उघडलं. एकजण बाहेर आला, 'ऐकलं, ऐकलं' असा हात हलवून आत गेला.

खानावळीला फोन लावायला तिने रिसीव्हर उचलला. आत अजून ते बाळच रडत होतं. ट्रुडीने फोन खाली ठेवला नव्हता, म्हणजे लाइन सुटणार नव्हती. आपल्या गुडघ्यांनी खानावळीपर्यंत जायला पाच मिनिटं लागतील, हे वर्नाला पक्कं ठाऊक होतं. चर्च दहा पावलांवर होतं.

तिने दोन्ही हातांनी घंटेची दोरी धरली आणि ओढली.

तिसऱ्या टोलाला खानावळ रिकामी झाली. घराघरांतून बायका ओल्या हातांनी अंगणात आल्या. गावात कोणी गेलं की जितकी वर्षं तितके टोल. टोल सुरू झाले की हातातलं टाकून बाहेर यायचं, टोप्या काढायच्या आणि मोजायचं. शेवटचा टोल होईपर्यंत बोलायचं नाही, हलायचं नाही.

कोणी हललं नाही. उघड्या दारातून वर्नाला ते सगळे दिसत होते. अठरा धडधाकट माणसं, मान खाली, टोपी छातीशी.

"पळा रे, मेल्यांनो! क्रोगरांकडे पळा!" ती ओरडली. घंटेने तिचा आवाज गिळून टाकला.

दोरी सोडून बाहेर जावं? अकरा झाले होते. अकरावर थांबली तर अकरा वर्षांच्या लेकराची आई जागीच कोसळेल, आणि सगळे धावतील ते आपापल्या घराकडे. तिने बारावा दिला. तेरावा दिला. जितक्या झपाट्याने ओढवेल तितक्या झपाट्याने ओढत राहिली. तळहात सोलवटले.

सव्वीसला हात अडखळला. डेल्मर सव्वीसचा होता. गेल्या रविवारी याच घंटेखालून तो बाळाला बाप्तिस्म्याला घेऊन आत आला होता, नवे बूट करकर वाजवत. वर्नाने सगळं अंग दोरीला लटकवलं आणि सत्ताविसावा टोल काढला.

चाळीस. साठ. खानावळीपुढे प्रत्येक आकड्याला कोणाचे ना कोणाचे तरी खांदे सैल पडत होते. आपलं माणूस सुटलं. ऐंशीच्या पुढे माना वर झाल्या. चौऱ्याऐंशीला सगळ्यांनी गसकडे पाहिलं. तो गळ्यात रुमाल बांधून पायरीवर उभा होता, घास अजून गालात.

पंच्याऐंशी.

गसने मूठ वळून आपल्याच छातीवर दोनदा हाणली. मग काठी उगारली आणि बंबाच्या शेडकडे रोखली. तो काय ओरडला ते वर्नाला ऐकू आलं नाही. पण हार्लन धावला, आणि त्याच्यामागे सगळे. टोप्या रस्त्यात पडल्या. बंबाची गाडी चर्चच्या दारावरून गेली तेव्हा वर्ना दोन टोलांच्या मधे 'क्रोगरांची कोठी!' असं ओरडली आणि हार्लनने हात वर केला. एकाने चालत्या गाडीत उडी घेतली, त्याच्या हातात काटाचमचा तसाच होता.

क्रोगरांच्या रस्त्यावर धूळ उठली, लांब गेली, मक्याच्या शेतांआड दिसेनाशी झाली.

पाद्री एवर्ट धापा टाकत आत आले. "वर्नाकाकू, सोडा आता दोरी. गेले सगळे."

घंटा वाजतच राहिली.

"अहो, सोडा म्हणतो ना! हात बघा तुमचे."

"सोडते," वर्ना म्हणाली आणि पुढचा टोल दिला. "फक्त सांगा, कितीवर थांबू? घंटा थांबली म्हणजे कोणीतरी गेलं, आणि डेल्मर अजून वर आलेला नाही."

 पाद्रींनी कोट काढून बाकावर टाकला आणि तिच्या हातांच्या वर दोरीला हात घातला.