गरम पाण्याचा पाठ

"बिल बघितलंस? सगळा गॅस तुझ्या अंघोळीत वाहून जातो," असं म्हणत सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत गीझर बंद केला.

"आई, बिलात नुसता गॅस नसतो. पाइपलाइनचं भाडं असतं, मीटरचा स्थिर आकार असतो, वर कर. मी गारठून मेले तरी तेवढं भरावंच लागेल," सून शांतपणे म्हणाली.

"तुझं शास्त्र कॉलेजात शिकव. मला नको!"

सगळा हिवाळा सुनेने थंड पाण्यात काढला.

पुढे सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना अंघोळ घालायचं काम सुनेकडे आलं. ऐन थंडीत त्या न्हाणीघरातल्या स्टुलावर कुडकुडत बसल्या होत्या. शेजारी वाफाळती बादली होती आणि सुनेच्या हातातला भरलेला तांब्या काही केल्या खाली येत नव्हता.

"अगं, ओत की! किती अंत बघशील?"

"ओतते ना, आई. आधी म्हणा."



दातांवर दात आपटत सासूबाईंनी रोजच्यासारखी सुरुवात केली, "गॅसची किंमत, पाइपलाइनचं भाडं, मीटरचा स्थिर आकार, वर कर... आता तरी ओत गं बाई!"