फक्त नावं

"तोयामाला अंडं चालत नाही हे मला आजच कळलं," मोठ्या पातेल्याचा तळ खरवडत नोजावामावशी म्हणाल्या. "परवा तर उरलेलं ऑम्लेट मागायला खिडकीशी येऊन उभा होता. दोनदा! तुमची ही दुसरीची पोरं म्हणजे ना, बाई!"

शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बाकीच्या दोघी हसल्या. मिनेगिशीबाई हसल्या नाहीत. कुठल्या मुलाला काय चालतं, काय नाही, हे पाहणं त्यांचं काम. हात पुसून त्या कोपऱ्यातल्या संगणकाकडे वळल्या.

दुसरीचा तक्ता उघडला. डावीकडे नावं, उजवीकडे पथ्याचे रकाने. अंड्याच्या रकान्यात एकच लाल फुली होती आणि त्या ओळीत नाव होतं तोयामा.

ती फुली खरं तर त्याच वर्गातल्या त्सुकामोतो नागिसाची होती.

चूक सकाळीच झाली होती. वर्गातल्या आराईच्या आईने दुसरं लग्न केलं आणि मुलीचं आडनाव यानागिदा झालं. पटावर नावं आडनावाच्या जपानी अक्षरक्रमाने लागतात. पटावर पहिली असलेली मुलगी शेवटाकडे गेली आणि मधली सगळी मुलं एकेक घर वर सरकली. कार्यालयाने नवा पट पाठवला. बाईंनी त्यातली नावं उचलली आणि आपल्या तक्त्यातल्या जुन्या नावांवर ठेवली. चौकटी हलू नयेत, रंग बिघडू नयेत म्हणून अगदी निगुतीने, फक्त नावं. नावं वर सरकली, नागिसाच्या खालचा तोयामा तिच्या ओळीत आला. फुली होती तिथेच राहिली. काम इतकं स्वच्छ झालं की कुठे सांधा दिसेना. त्याच तक्त्यावरून पथ्याच्या वाडग्यांना लावायची आजची कार्डं छापली गेली.

आज जेवणात अंड्याच्या तारा सोडलेलं सूप होतं. बिनअंड्याचा झाकणाचा वाडगा तोयामाच्या नावाचं कार्ड लावून केव्हाच वर गेला होता. नागिसाला मोठ्या पातेल्यातलंच वाढलं जाणार होतं. पहिलीत असताना तिने चुकून अंडं घातलेल्या बिस्किटाचा तुकडा खाल्ला, तेव्हा घसा सुजून तिचा श्वास अडकला होता. रुग्णवाहिकेत तिचा हात धरून मिनेगिशीबाईच बसल्या होत्या.

त्यांनी वर्गातला फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. वाढपाच्या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार! त्यात वर्गशिक्षिका तापाने घरी. त्यांच्या जागी हातोरी सर, आजच आलेले. ते कार्ड वाचतील आणि कार्डावर विश्वास ठेवतील.

"बाई, बूट! अहो, बूट!" मागून मावशी ओरडल्या. स्वयंपाकघरातले रबरी बूट घालून वर्गांच्या बाजूला पाऊल टाकायचं नसतं. बाई तोवर जिन्यावर पोचल्या होत्या.

वरच्या वऱ्हांड्यात पांढऱ्या टोप्या घातलेली, वाढपाची पाळी असलेली दोन मुलं रिकामी गाडी ढकलत होती.

"बाई, वऱ्हांड्यात धावायचं नाही!" एकजण म्हणाला.

"दुसरीत वाढून झालं का रे?"

"कधीच! आता हात जोडतील."

सगळ्यांच्या पुढ्यात ताट येईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. मग सगळ्यांनी मिळून हात जोडून जेवणाआधीचे आभार म्हणायचे आणि मगच जेवायचं. बाईंच्या हाती उरला होता तो एवढाच वेळ.

त्यांनी दार सरकवलं. मुलं हात जोडून बसली होती. आभार म्हणायला सुरुवात करून देणाऱ्या मुलीने तोंड उघडलं होतं.

"थांबा! कुणी काही खाऊ नका!"

हातोरी सर दचकून उभे राहिले. बाई बाकांमधून वाट काढत नागिसाजवळ गेल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. वाडगा भरलेला होता. वर पिवळ्या तारा तरंगत होत्या.

"तोंडाला लावलंस का? खरं सांग. थोडंसंसुद्धा?"

"नाही, बाई. अजून म्हणून कुठे झालंय?"

पलीकडच्या बाकावर तोयामाने आपल्या झाकणाच्या वाडग्याकडे बोट दाखवलं.

"बाई, मग हे माझं नाही ना? मी सरांना सांगत होतो. सर म्हणाले, तुझं नाव आहे, गुपचूप खा. मला वाटलं, मला काहीतरी झालंय आणि घरी कुणी सांगत नाहीये!"

वर्ग खो खो हसला. हातोरी सरांनी मान खाली घातली.

"तुला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे." त्यांनी नागिसाच्या पुढ्यातला वाडगा उचलायला हात घातला. वाडगा हलला नाही. नागिसाने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"नागिसा, सोड, बाळा."

"माझं कार्ड आलं नाही," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, मी बरी झाले."

थोड्या वेळाने नागिसाने एकेक बोट सोडवलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"बाई, लांबून वास घेतला तर चालतो का?"

मिनेगिशीबाईंनी वाडगा उचलला आणि हातभर अंतरावर धरला. नागिसाने डोळे मिटले. हसणं कधीच थांबलं होतं. सगळा वर्ग हात जोडून तिचं होईपर्यंत वाट पाहत बसला.