चोपन्नावा पत्ता

कूलर दोनदा खोकला आणि बंद पडला. मेक्सिकोतल्या मेहिकाली शहरातली जुलैची दुपार, एकाचा सुमार, आणि अख्ख्या गल्लीची वीज गेली. एदुविहेस आजीनं पिंपात दोन चादरी बुडवल्या आणि न पिळता तशाच खिडक्यांवर टाकल्या. मुलांची आई कारखान्यातून साडेपाचला यायची. तोवर तीन नातवंडं आणि पन्नास अंश ऊन, दोन्ही आजीच्या वाट्याला.

इकेर दाराच्या कडीला हात लावून उभा होता. वय नऊ, तोंड नव्वदचं.

"मी कालव्यावर चाललो," तो म्हणाला. "सगळे गेलेत. तिथं पाणी तरी आहे."

"पाणी आहे म्हणूनच नाही जायचं. मागल्या शनिवारी त्यातून कुणाला काढलं, ते तूही पाहिलंयस."

"मी नुसता काठाला बसेन."

"तोही काठालाच बसला होता."

इकेरनं कडीवरचा हात काढला नाही. त्याला ओढून आणायचं बळ आजीत उरलं नव्हतं, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

"लोतेरिया खेळू," ती म्हणाली. "जो जिंकेल त्याचं ऐकायचं."

"मी जिंकलो तर कालवा?"

"जिंकलास तर कालवा."

"शपथ घे."

"आधी बस. उभ्यानं कोण खेळतं?"

आजीनं स्वतः निवडून तिघांपुढे एकेक पुठ्ठा ठेवला. पुठ्ठ्यावर सोळा चित्रं. प्रत्येकाला ओंजळभर घेवड्याचे दाणे. पुकारलेलं चित्र आपल्याकडे असलं की त्यावर दाणा ठेवायचा. सोळाही झाकली की डाव आपला. गड्डीत चोपन्न पत्ते, प्रत्येकावर एक चित्र. पिसता पिसता आजीनं त्यातला एक मांडीखाली सरकवला.

नुसतं नाव घेऊन पुकारणाऱ्याला तिथं कुणी विचारत नाही. पत्त्यागणिक आधी शब्दांचा चिमटा हवा, मग नाव. आजी सावकाश पुकारू लागली, जशी काही तिला जन्मभर सवड होती.

"सात वर्षं झाली घेऊन, अजून उघडायचीच आहे. छत्री."

"बसलाय शेजारच्या ओफेलियाबाईसारखा, पण चहाड्या सांगत नाही. बेडूक."

चार वर्षांची नायेली हसून जमिनीवर लोळली. इकेरलाही हसू आलं. ते त्यानं गालात दाबून धरलं.

"पोटात पाणी किती, ते तिला नि मलाच ठाऊक. घागर." या पत्त्यावर तिनं प्रत्येकाला दोन-दोन घोट दिले.

"दारात आला तर सांगायचं, आजीचा डाव चाललाय, उद्या ये. मृत्यू."

अकरा वर्षांच्या यारेत्सीनं त्यावर दाणा ठेवला आणि बोट चटकन मागं घेतलं.

चादरी वाळल्या, पुन्हा भिजल्या, पुन्हा वाळल्या. गड्डी बारीक होत गेली.

"माझं एकच उरलंय," इकेर म्हणाला. त्याची नजर कडीवर गेली.

"माझंही," यारेत्सी म्हणाली.

शेवटचा पत्ता कोंबड्याचा निघाला. आजीचे हात रिकामे झाले.

"सूर्य आलाच नाही," इकेर म्हणाला.

यारेत्सीनं आपला पुठ्ठा पाहिला, मग त्याचा, मग नायेलीचा. तिन्हींवर एकच घर उघडं होतं आणि तिन्हींत तोच गोल पिवळा चेहरा.

"आजी, तू फसवलंस."

"फसवलं." तिनं मांडीखालून पत्ता काढून समोर टाकला. घामानं तो वाकला होता. "रस्ता त्याचा, कालवा त्याचा, सगळं गाव त्याचं. हे घर माझं आहे. इथं मी त्याला पुकारणार नाही."

"म्हणजे कुणीच जिंकलं नाही."

"तोही नाही," आजी म्हणाली.

इकेर उठला आणि दाराकडे गेला. आजी बसूनच राहिली. त्यानं कडीला हात लावला. लोखंड तापलं होतं. हात मागं आला, मग पुन्हा गेला. गल्लीतून कुणीतरी त्याच्या नावानं हाक मारली.

त्याच्या पायाशी नायेली रांगत आली होती. दाराखालून उन्हाची पांढरी पट्टी आत आली होती. त्या पट्टीवर ती एकेक दाणा ठेवत होती, पुठ्ठ्यावर ठेवावा तसा नीट. निम्म्यावर तिचे दाणे संपले. तिनं वर पाहिलं.

"तुझे आण," ती म्हणाली.

बाहेरून पुन्हा हाक आली. इकेरनं ओ दिली नाही. तो आपले दाणे घेऊन आला आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून ठेवत निघाला. यारेत्सीही सरकत आली.

मधे दोन बोटं ऊन उरलं.

"थांबा," गुडघ्यावर हात टेकून उठत आजी म्हणाली, "तेवढं माझं."