मयतांचं मत

वस्तीला नळ द्यावा म्हणून ग्रामसभेत एकतीस हात वर झाले. मग भिंतीवरच्या पडद्यावर गावातले त्रेचाळीस मयत विरोधात उजळले, आणि ठराव यंदाही पडला.

त्यांत द्वारकाबाईचा नवराही होता. टँकरमागे धावताना चाकाखाली गेलेला. पण नव्या कायद्याने त्याची संगणकीय प्रतिमा अजून मतदार होती.

रिकामी कळशी खाली ठेवून द्वारकाबाई पडद्यासमोर उभी राहिली. "अहो, पाण्यापायीच गेलात ना तुम्ही?"

"अगं, आम्हांला आता कुठं तहान लागते?" तो नेहमीसारखाच हसला.

ग्रामसेवकाने इतिवृत्त मिटलं. "जिवाला लावून घेऊ नका, बाई," तो समजुतीने म्हणाला. "तुमचीही प्रतिमा तयार आहे. मेल्यावर तुमच्याही मताला वजन येईल."